हिशेबासाठी ग्राफिक्स कार्ड : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी दरपत्रकांची चळत हातात घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या विभागाने संगणकासाठी अनुदान मंजूर करवून घेतले होते, शिरस्त्याप्रमाणे तीन विक्रेत्यांकडून दर मागविले होते, आणि सेकंदाला होणाऱ्या क्रियांचा सर्वांत मोठा आकडा ज्या कार्डावर सर्वांत कमी किमतीत छापलेला होता, ते खरेदी समितीने एकमताने पसंत केले होते. कार्ड आले, यंत्रात बसले, पडद्यावर चित्रेही सुरेख उमटू लागली. परंतु ज्या रेणूंच्या गणितासाठी ते आणविले होते त्या गणितात ४५ हजार ओळी आणि तितकेच स्तंभ असलेले एक मॅट्रिक्स होते, ते दुहेरी अचूकतेने साठवावयाचे म्हटले तर त्या एकट्यालाच १६ गिगाबाइटांहून अधिक जागा लागे, आणि कार्डाची स्वतःची मेमरी होती १२ गिगाबाइट. लहान रेणू घेतले तर ते मावत. पण दुहेरी अचूकतेच्या क्रियांसाठी त्या कार्डाच्या रचनेत इतकी अल्प तरतूद होती की जुन्या संगणकाच्या मानाने पदरात पडलेला लाभ त्या अनुदानाला साजेसा मुळीच नव्हता. विक्रेत्याने खोटे सांगितले नव्हते, समितीने कसूर केली नव्हती. आपले गणित कोणत्या जातीचे आहे, हे मात्र आरंभापासून अखेरपर्यंत कोणीही कोणाला विचारले नव्हते. तो विद्यार्थी परत गेल्यावर त्याच रात्री मी ज्या टिपणांना आरंभ केला, त्यांचाच हा ग्रंथ झाला आहे.

जे यंत्र चित्रे काढण्यासाठी जन्मास आले ते हिशेबाच्या कचेरीत कसे रुजू झाले, हे समजल्याशिवाय त्याची पारख करता येत नाही. म्हणून थोडा पूर्ववृत्तांत येथेच सांगणे इष्ट वाटते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या मुरलेल्या अव्वल कारकुनासारखा असतो: कोणताही कागद पुढे आला तरी तो वाचावा, मागचा दाखला पाहावा, अटी तपासाव्यात, निर्णय द्यावा आणि पुढच्या कागदाकडे वळावे, असे त्याचे काम. पडद्यावरील चित्र काढण्याच्या कामाची जात निराळी. तेथे लाखो ठिपके असतात, प्रत्येकाचा रंग ठरविण्याची रीत एकच असते, आणि एका ठिपक्याचा हिशेब दुसऱ्याच्या हिशेबासाठी खोळंबत नाही. अशा कामाला एक शहाणा कारकून नेमण्यापेक्षा एकाच हुकुमाने एकच कृती करणारे हजारो उमेदवार ओळीने बसविणे किफायतीचे ठरते, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे उमेदवारांची अशी कचेरीच होय. १९९९ साली एन्व्हिडिया कंपनीने आपल्या जीफोर्स २५६ ह्या कार्डाची जाहिरात करताना ‘जीपीयू’ हे नाव रूढ केले. २००१ च्या सुमारास ह्या उमेदवारांना ठराविक कृतींबरोबरच प्रोग्राम लिहिणाऱ्याने दिलेल्या छोट्या आज्ञाही पाळता येऊ लागल्या. आणि तेथून, चित्रांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा गणितज्ञांचे व पदार्थवैज्ञानिकांचे लक्ष ह्या यंत्राकडे वळले.

त्या आरंभकाळातील खटाटोप आज आठवला की त्या मंडळींच्या चिकाटीविषयी मनात आदर दाटून येतो. कार्डाला चित्रांखेरीज दुसरी भाषा कळत नसे; तेव्हा आपल्या आकड्यांना चित्राच्या पोताचा वेष चढवावयाचा, बेरीज-गुणाकारांना त्रिकोण रंगविण्याच्या आज्ञांत लपवावयाचे, आणि रंगून आलेल्या चित्राचे ठिपके वाचून त्यांतून उत्तर काढावयाचे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘ब्रूक’ ह्या भाषेने हा वेष उतरविण्याचा मार्ग दाखविला. तिचा एक कर्ता इयन बक पुढे एन्व्हिडियात गेला, आणि २००६ च्या नोव्हेंबरात त्या कंपनीने जीफोर्स ८८०० हे कार्ड व ‘क्युडा’ ही प्रणाली एकाच वेळी पुढे आणली. त्या कार्डातील १२८ गणनाघटकांना आता साध्या सी भाषेच्या वळणाने हुकूम देता येऊ लागले. त्याच वर्षी प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’ ह्या लोकसहभागाच्या उपक्रमाने एटीआय कंपनीच्या कार्डांवर आपले गणित चालविले, आणि एटीआय ही कंपनी एएमडीने विकत घेतली तीही त्याच वर्षी. म्हणजे आज बाजारात दिसणाऱ्या दोन्ही घराण्यांची गणनेतील कुळकथा एकाच साली सुरू होते. ‘ओपनसीएल’ हा सर्वांना खुला असलेला संकेत २००८ च्या डिसेंबरात आला. कोणत्याही कंपनीच्या कार्डावर एकच प्रोग्राम चालावा हा त्यामागील हेतू उदात्त होता. परंतु ज्या घरची साधने आधी तयार झाली आणि ज्या घरचे ग्रंथालय समृद्ध झाले तिकडेच विद्यार्थी जाणार, हा व्यवहार त्या हेतूवर मात करून गेला.

पुढील दशकाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो आटोपता घेतो. २०१२ साली अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या ‘टायटन’ ह्या महासंगणकात १८,६८८ गणनाकार्डे बसविली गेली आणि तो जगातील पहिल्या क्रमांकाचा ठरला; त्याच प्रयोगशाळेच्या ‘फ्रंटियर’ने २०२२ साली एएमडीच्या कार्डांच्या बळावर सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांचा उंबरठा ओलांडला. ह्या भव्य यंत्रांपेक्षा मला जी घटना अधिक उद्बोधक वाटते ती मात्र दोन सामान्य कार्डांची आहे. टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन ह्यांनी २०१२ सालीच चित्रे ओळखणारे जे न्यूरल जाळे शिकविले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकले. प्रत्येक कार्डाची मेमरी होती अवघी ३ गिगाबाइट. जाळे एका कार्डात मावेना, म्हणून त्याचे दोन भाग करून ते दोन कार्डांत वाटावे लागले. ज्या रचनेने एका शास्त्राची दिशा बदलली, त्या रचनेचा आकार काही अंशी कार्डाच्या मेमरीने ठरविला होता. माझ्या सर्व प्रतिपादनाचे बीज ह्या एका गोष्टीत आहे.

आपल्याकडील दाखला हवा असेल तर नारायणगावाजवळ खोडदच्या माळावर जावे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे क्षीण तरंग टिपतात. आणि त्यांतून चित्र घडवावयाचे तर प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी क्षणोक्षणी ताडून पाहावा लागतो, म्हणजे ४३५ जोड्यांचा गुणाकार अखंड चालू ठेवावा लागतो. हे काम आरंभी खास त्यासाठी घडविलेल्या चिपांवर होई, पुढे साध्या संगणकांच्या समूहावर होऊ लागले, आणि दुर्बिणीचे नूतनीकरण होऊन एकाच वेळी टिपावयाच्या वारंवारितेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला तेव्हा त्या गुणाकारांचा भार ग्राफिक्स कार्डांवर सोपविण्यात आला. येथे गणिताची जात आधी ठाऊक होती, दर सेकंदाला किती आकडे येणार ह्याचा अदमास बिनचूक होता, आणि मग यंत्र निवडले गेले. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा समांतर महासंगणक सिद्ध केला आणि २०२० साली ‘परम सिद्धी-एआय’ उभा केला, जो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता. त्या दुसऱ्या यंत्राची मदार सर्वस्वी ए-१०० ह्या गणनाकार्डांवर आहे. समांतर गणनेची परंपरा मराठी मुलखाला परकी नाही, हे नव्या वाचकाने ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. कार्डाच्या खोक्यावर जो वेगाचा आकडा छापलेला असतो तो खरा असतो. पण सर्व उमेदवारांच्या हातात एकही क्षण रिकामा न जाता कागद पडत राहिले तरच तो खरा असतो. पंगतीला हजार पाने मांडली आणि वाढपी दहाच असले, तर जेवणारे कितीही भुकेले असोत, पंगत वाढप्यांच्याच चालीने उठणार. आरटीएक्स ४०९० हे २०२२ सालचे कार्ड घ्या. त्याचा छापील वेग सेकंदाला ८२ लक्ष कोटी क्रियांचा आहे, आणि मेमरीतून गणनाघटकांपर्यंत आकडे वाहून नेण्याचा वेग सेकंदाला १,००८ गिगाबाइटांचा आहे. दोन लांबलचक याद्यांतील आकड्यांची ओळीने बेरीज करून तिसरी यादी लिहावयाची, एवढे साधे काम त्याला सांगितले तर प्रत्येक बेरजेमागे दोन आकडे आणावे लागतात आणि एक परत न्यावा लागतो, म्हणजे १२ बाइटांची वाहतूक होते. त्या हिशेबाने हे कार्ड सेकंदाला ८,४०० कोटी बेरजांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि हा आकडा छापील वेगाच्या हजाराव्या भागाइतका भरतो. उलट दोन मोठ्या मॅट्रिक्सांचा गुणाकार सांगितला तर एकदा आणलेला आकडा शेकडो वेळा उपयोगात येतो, वाढप्यांना उसंत मिळते, आणि कार्ड छापील वेगाच्या पुष्कळ जवळ जाते. आपले गणित ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसते, हे ज्याने कागदावर काढून पाहिले त्याने निवडीचा निम्मा मार्ग आक्रमिला असे खुशाल समजावे. वाहतुकीवर अडणाऱ्या गणिताच्या मालकाने क्रियांच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे वाढपी तेवढेच ठेवून पाने वाढविणे होय.

ह्याच्या जोडीने अचूकतेचा प्रश्न येतो, आणि नवख्यांची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. एकेरी अचूकतेत आकड्याचे सुमारे सात दशमान अंक टिकतात, दुहेरी अचूकतेत पंधरा-सोळा. एकेरी अचूकतेच्या खात्यात १,६७,७७,२१६ ही रक्कम असताना तीत एक मिळविला तर रक्कम पूर्वीइतकीच राहते. जमाखर्चात असे घडले असते तर कारकुनाची नोकरी गेली असती. चित्राच्या ठिपक्याला ह्याने काही बाधा येत नाही, म्हणून खेळांच्या कार्डांत दुहेरी अचूकतेचे घटक मोजकेच ठेवलेले असतात: वर सांगितलेल्या ४०९० मध्ये दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या भागाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा लक्ष कोटी क्रियांचा आहे, आणि त्याहून दोन वर्षांनी जुने असलेले ए-१०० हे गणनाकार्ड त्याच कामात साध्या घटकांनीच सुमारे पावणेदहा लक्ष कोटींपर्यंत जाते. मात्र प्रत्येक शास्त्रीय गणिताला दुहेरी अचूकता हवीच, ही समजूतही तितकीच खर्चिक आहे. रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या ग्रोमॅक्ससारख्या प्रणाली बहुतेक काम एकेरीत उरकतात आणि जेथे चूक साठत जाण्याचे भय असते तेवढाच भाग जपून करतात. त्यांना खेळांचे कार्ड उत्तम चालते. भाषेची प्रतिमाने तर अर्ध्या, पाव आणि त्याहूनही अल्प अचूकतेत समाधानाने चालतात, आणि २०१७ पासून त्या जातीच्या गुणाकारांसाठी कार्डांत स्वतंत्र घटक बसविले जाऊ लागले आहेत.

मेमरीच्या आकारमानाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, वेग कमी पडला तर माणूस वाट पाहतो, परंतु मेमरी कमी पडली तर काम सुरूच होत नाही, अथवा मुख्य मेमरीतून तुकड्यातुकड्याने आणावे लागून कार्डाचा सारा लाभ मदरबोर्डावरील वाटेतच खर्ची पडतो. ७०० कोटी घटकमूल्यांचे भाषाप्रतिमान प्रत्येकी दोन बाइटांनी ठेवले तर १४ गिगाबाइट लागतात, चार बिटांत दाबले तर साडेतीन. आणि तेच प्रतिमान रूढ पद्धतीने समूळ शिकवावयाचे म्हटले तर प्रत्येक मूल्यामागे सुमारे १६ बाइट धरून ११२ गिगाबाइट, म्हणजे कोणत्याही एका घरगुती कार्डाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. चालविणे आणि शिकविणे ह्यांतील हा भेद न जाणता झालेल्या किती खरेद्या मी पाहिल्या!

ह्या विषयातील जाणत्यांत आज जे पंथ दिसतात, त्यांची वाटणी कंपन्यांवरून करण्यापेक्षा खर्चाच्या वृत्तीवरून करणे मला अधिक सयुक्तिक वाटते. एक पंथ खेळांच्या कार्डांचा: कमी पैशांत अधिक वेग, स्वतःच्या टेबलाखाली यंत्र, आणि बिघडले तर स्वतः उघडून पाहण्याची तयारी. दुसरा पंथ व्यावसायिक कार्डांचा. त्यांत मेमरी मोठी असते, तीतील चूक आपोआप हेरून दुरुस्त करण्याची सोय असते, आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गणितात एक बिट उलटल्याने सारे श्रम वाया जाऊ नयेत ह्यासाठी तो जादा पैसा मोजलेला असतो. विदागारात जीफोर्स कार्डे वापरण्यास एन्व्हिडियाने २०१७ च्या अखेरीस ड्रायव्हरच्या परवान्यातील अटीने मनाई केली, तेव्हापासून ह्या दोन पंथांमधील भिंत कायद्याचीही झाली आहे, आणि संस्थांच्या खरेदी विभागांनी ती अट वाचलेली असणे जरूर आहे. तिसरा पंथ भाड्याने घेणाऱ्यांचा. वर्षातून दोन महिनेच ज्याचे गणित चालते, त्याने कार्ड विकत घेऊन दहा महिने त्यावर धूळ साठू देण्यापेक्षा तासांच्या हिशेबाने दूरचे यंत्र वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे गणित रोज चालते त्याने मात्र भाड्याची बेरीज मांडून पाहावी म्हणजे त्याचे डोळे उघडतील. चौथा पंथ जुन्या सर्व्हर-कार्डांचा. २०१६ सालच्या टेस्ला पी-४० सारखी २४ गिगाबाइटांची कार्डे स्वस्तात मिळतात म्हणून लोक ती आणतात. त्यांना स्वतःचा पंखा नसतो, पडद्याची जोडणी नसते, वीजजोडही निराळा असतो, आणि अर्ध्या अचूकतेत ती अत्यंत मंद असतात. ज्याला ही सर्व तजवीज करण्याचा उत्साह आहे त्यानेच ह्या वाटेने जावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझे मन आणि माझी शिफारस ह्यांत अंतर पडते, ते मी लपवीत नाही. एएमडीने २०१६ पासून ‘रॉकम’ ही प्रणाली खुली ठेवून वाढविली आहे, इंटेलनेही आपली वाट आखली आहे, आणि विद्येचे साधन एकाच घराण्याच्या कुलपाखाली राहू नये अशी माझी तळमळीची इच्छा आहे. तथापि ज्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम फक्त क्युडावर चालतो, ज्याच्याजवळ तीनच वर्षांची शिष्यवृत्ती आहे, त्याला माझ्या तत्त्वासाठी अडचणीत लोटण्याचा मला अधिकार नाही. त्याने प्रथम आपल्या प्रोग्रामच्या कर्त्यांनी कोणत्या कार्डांवर तो तपासला आहे हे पाहावे, आणि कार्ड त्यानंतरच पाहावे.

यंत्र जेथे ठेवावयाचे त्या खोलीचाही विचार व्हावयास हवा. ४५० वॅटचे कार्ड अहोरात्र चालले तर दिवसाला पावणेअकरा युनिटांहून अधिक, महिन्याला सुमारे सव्वातीनशे युनिट वीज एकटे खाते, आणि तेवढीच उष्णता खोलीत सोडते. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटचे आहे. वैशाखात विदर्भातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ह्याचा अर्थ काय होतो, हे तेथे दुपारी तासभर बसल्याशिवाय कळत नाही. एसएमपीएसची क्षमता, कॅबिनेटची रुंदी, दोन कार्डांमधील हवेची फट, यूपीएस आणि वातानुकूलन ह्यांचा खर्च कार्डाच्या दरखास्तीतच मागून घ्यावा. नंतर मागितलेला पैसा मिळत नाही.

हा विषय आजच निकडीचा का झाला, ह्याला माझ्या मते दोन कारणे आहेत. पूर्वी अशी यंत्रे मोठ्या संस्थांतच असत आणि त्यांची निवड करणारे तज्ज्ञही तेथेच असत. आता वनस्पतींची रोगट पाने ओळखणारा कृषिशास्त्राचा विद्यार्थी, जुनी मराठी हस्तलिखिते संगणकाला वाचावयास शिकविणारी भाषेची अभ्यासक, नदीच्या पुराचे गणित मांडणारा अभियंता, हे सर्व आपापल्या तुटपुंज्या अंदाजपत्रकातून कार्ड घेण्याच्या विचारात आहेत, आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ नाही. दुसरे असे की केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची ‘इंडिया एआय’ योजना मंजूर करून सवलतीच्या दराने गणनाकार्डांचे तास उपलब्ध करून देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणून स्वतःचे कार्ड घ्यावे की सार्वजनिक यंत्राचे तास मागावेत, हा प्रश्न लहान गावातील संशोधकापुढेही प्रथमच उभा ठाकला आहे. त्याचे उत्तर देण्यास लागणारी माहिती बहुतेक इंग्रजीत आहे, आणि तीही खेळांच्या दृष्टीने लिहिलेली असते.

प्रस्तुत ग्रंथात कार्डांची क्रमवारी वाचकास आढळणार नाही. ती छापून होईपर्यंत शिळी होते. वाचकाने आपले गणित तपासावयास शिकावे, त्यातील वाहतूक व क्रिया ह्यांचे प्रमाण काढावे, अचूकतेची खरी गरज ठरवावी, मेमरीचा अदमास कागदावर करावा, आणि मग विक्रेत्याशी अथवा समितीशी बोलण्यास बसावे, एवढ्यासाठी त्याची मांडणी केली आहे. उदाहरणे पूर्ण सोडवून दाखविली आहेत; त्यांतील गणित बेरीज-गुणाकारांच्या पलीकडे फारसे जात नाही, म्हणून ज्यांनी शाळेनंतर गणित सोडले त्यांनी बिचकू नये. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, परंतु मेमरीच्या वाहतुकीवरील प्रकरण कोणी गाळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ग्रंथाच्या अखेरीस एक कोरा तक्ता जोडला आहे. त्याच्या पहिल्या रकान्यात गणिताचे नाव, पुढे त्याला लागणारी मेमरी, अचूकता, दिवसाकाठी चालण्याचे तास, प्रोग्राम कोणत्या प्रणालीवर तपासलेला आहे, आणि खोलीतील विजेची मर्यादा, असे रकाने आहेत. कार्डाचे नाव आणि किंमत ह्यांचे रकाने अगदी शेवटी ठेविले असून, आधीचे सर्व भरून झाल्यावरच ते भरावयाचे आहेत.